रक्तपेढीतल्या सर्व्हरचा सूड

मित्रांनो, रक्तपेढीच्या मागच्या खोलीत एक काळी, घरघरणारी पेटी दिसते ना, ती मीच. दात्यांची नावे, रक्तगट आणि पिशव्यांच्या नोंदी गेली बारा वर्षे मी सांभाळतो आहे.

मला बोलायला शिकवले एका प्रोग्रामर बाईंनी. सगळे त्यांना ताई म्हणत. काउंटरवरून कोणी काही विचारले की त्या कामापुरते माझ्याशी एक नवे संभाषण सुरू होई. त्याला सेशन म्हणतात. काम झाले की नोंद पक्की करायची, चुकले तर मागे घ्यायची, आणि काहीही झाले तरी सेशन बंद करायचे, असा ताईंचा नियम होता. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यात कधी मिसळले नाही. "हा कधी घोळ घालत नाही," असे काउंटरवरच्या मावशी म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

मग नवे साहेब आले. त्यांना सगळे झटपट हवे होते.

"दर वेळी उघडा, दर वेळी बंद करा, कशाला हा खटाटोप? एकच सेशन ठेवा सगळ्यांना!"

"साहेब, सगळ्यांचं एकमेकांत मिसळेल," ताई म्हणाल्या.

साहेबांनी ऐकले नाही. स्वतःच्या हाताने त्यांनी बदल केला. आठवड्यातच एका काउंटरने आपली चूक मागे घेतली आणि तिच्याबरोबर दुसऱ्या काउंटरची खरी नोंदही पुसली गेली. एका पिशवीचा पत्ताच लागेना. साहेबांनी सरळ ताईंकडे बोट दाखवले.

"बदल कोणी केला ते सर्व्हरवर लिहिलेलं आहे. वाचा तरी!" ताई म्हणाल्या. कोणी वाचले नाही. त्यांना घरी पाठवले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! माझ्यापाशी तारीख होती, वेळ होती, साहेबांचे नाव होते; पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. मी डूख धरून बसलो.

चार महिन्यांनी रक्तपेढीच्या अध्यक्षबाई आणि संचालक पाहणीला आले. साहेब ऐटीत माझ्यासमोर बसले आणि घाईघाईत त्यांनी तारीख टाकली, तीस फेब्रुवारी. मी ती नाकारली. माझा नियमच आहे की आधीची चूक मागे घ्या, मग पुढचे बोला. ताईंच्या वेळी असे एकच सेशन अडले असते. आता सगळ्यांचे एकच होते, आणि चूक मागे घ्यायचे साहेबांच्या ध्यानातच आले नाही. आठही काउंटर ठप्प झाले.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. अध्यक्षबाईंनी वेगळ्या ठेवलेल्या बदलांच्या जुन्या नोंदी मागवल्या आणि साहेबांचे नाव मोठ्याने वाचले. साहेब मान खाली घालून उभे राहिले. मला वाटले, जिंकलो!

तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"मावशी, बायको ऑपरेशनच्या टेबलावर आहे हो! पिशवी द्या लवकर!"

हातात डॉक्टरांची चिठ्ठी धरून एक माणूस उभा होता. पिशवी कुठे आहे ते मीच सांगायचे, आणि मी तर गप्प. मावशी थंड खोलीत धावल्या. पिशव्यांवरची एकेक चिठ्ठी वाचत त्यांनी हवी ती पिशवी शोधली. शोधण्यात अकरा मिनिटे गेली. ती बाई वाचली, पण माझ्यामुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी ताईंना सन्मानाने परत बोलावले. खोलीत येताच त्यांनी साहेबांचे नावही काढले नाही.

"काल काउंटरवर कोणी अडकलं होतं का?" एवढेच त्यांनी विचारले. मावशींनी सांगितले. ताई खुर्चीत बसल्या. मग त्यांनी आपला जुना नियम पुन्हा लिहिला.

साहेबांना मी अजून क्षमा केलेली नाही. बहुधा करणारही नाही. पण मित्रांनो, माझ्यासारख्यांशी बोलाल तेव्हा ज्याचे सेशन त्याला द्या आणि काम होताच बंद करा. आणि कधी कोणावर सूड उगवावासा वाटला, तर आधी बाहेर डोकावून पाहा. तिथे हातात चिठ्ठी घेऊन कोणीतरी उभे असेल.