जोडावरचा फेस

दुकानातला गॅस वेळेआधी संपला तेव्हा थोरलीच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

दुकान दोघी जावांचं. काचेच्या टाक्यांमध्ये पाण्याखाली बागा लावून द्यायच्या, त्यांची निगा राखायची आणि 'मासे कुठले आहेत?' म्हणून आत डोकावणाऱ्याला 'आम्ही झाडं विकतो, मासे नुसते सोबतीला' हे न कंटाळता सांगायचं, हा त्यांचा धंदा. या झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो. माणूस जो वायू नाकातून फुकट सोडतो तोच पैसे देऊन सिलिंडरात भरून आणायचा, यावर थोरलीचा नवरा नेहमी एकच विनोद करायचा आणि एकटाच हसायचा. थोरली हसत नसे, कारण खर्च खरा होता. काउंटरखालच्या कपाटात एक मोठा सिलिंडर, त्यावर रेग्युलेटर, आणि तिथून नळ्या सगळ्या टाक्यांना गेलेल्या. खिडकीत नुकतीच मांडलेली मोठी टाकीही त्यातच जोडलेली.

"यावेळी लवकर संपला ना गं?" तिने धाकटीला विचारलं.

"हो ना ताई. मलाही वाटलं," धाकटी म्हणाली आणि झाडं छाटत राहिली.

एवढंच. पण एकदा संशय आला की साधं वाक्यही साधं राहत नाही. 'मलाही वाटलं' म्हणताना हिने मान वर का केली नाही? आणि गेल्याच महिन्यात हिच्या भावाने घरी टाकी घेतली. त्याच्या झाडांना गॅस कुठून येतो? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि पाण्याच्याच धंद्यात आयुष्य गेलेल्या बाईला ते कळू नये?

धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला काचेवरचं शेवाळ आणि टाकीतलं झाड यातला फरक कळत नव्हता. थोरलीने हाताला धरून शिकवलं. बुडबुडे किती सोडायचे, मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले की आधी गॅस बंद करायचा, रेग्युलेटर काढला की जोडातला प्लास्टिकचा वॉशर दर वेळी नवा घालायचा. थोरलीला बहीण नव्हती. नवरा घरात जेवढं बोलायचा तेवढं भिंतही बोलते. दिवसभर हसायला, चिडवायला, रुसायला तिच्या वाट्याला आलेलं माणूस हे एवढंच होतं. म्हणून तर संशय तिच्यावर आला तेव्हा नखात शिरलेल्या कुसळासारखा सलत राहिला.

आधी तिने नियमाने गळती शोधली. भरदुपारी साबणाचा फेस करून ब्रशने एकेका जोडाला लावला. गळत असेल तर तिथे फुगे येतात. एक फुगा आला नाही. धाकटी शेजारी उभी राहून बघत होती.

"नाही ना गळत?" तिने विचारलं.

"नाही," थोरली म्हणाली, आणि मनात म्हणाली, म्हणजे कुणीतरी काढतंय.

या गॅसची एक खोड आहे. सिलिंडर अर्धा होवो की पाव, रेग्युलेटरचा काटा ढिम्म हलत नाही, आणि संपत आला की एकदम खाली बसतो. आत किती उरलंय ते वजनावरच कळतं. सकाळी दुकान उघडायला धाकटी यायची आणि संध्याकाळी मुलीला शिकवणीहून आणायला लवकर जायची. ती गेली की थोरली शटर अर्धं ओढायची, पान्याने रेग्युलेटर सोडवायची, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायची आणि परत जागेवर बसवायची. वॉशर मात्र जुनाच घालायची. नवा घेतला तर डबीतले कमी दिसले असते, आणि ती डबी धाकटीच्या खणात असायची. तिला कळलं असतं की आपल्यावर पाळत आहे. चोर सावध झाला असता.

वजन रोज उतरत होतं. टाक्यांना लागतं त्याहून जास्त उतरत होतं. थोरलीला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर तिला थोडं बरं वाटलं. आपलं म्हणणं खरं निघालं की माणूस दुःखातही जरा ताठ बसतो.

"तुझं आपलं काहीतरीच," नवरा म्हणाला. "ती तसली नाही."

"तुम्हाला काय कळतं? तुम्हाला तर सगळेच संत दिसतात."

शेवटी एका सकाळी ती मुद्दाम लवकर गेली. दुकान उघडलेलं होतं. काचेतून बघते तर धाकटी कपाटासमोर गुडघ्यावर बसलेली, हातात पाना, आणि रेग्युलेटर सुटा. थोरली आत शिरली तशी धाकटीने मुठीतलं काहीतरी चटकन कुर्त्याच्या खिशात टाकलं.

"काय चाललंय?"

"काही नाही ताई. जोड जरा घट्ट करत होते."

"खिशात काय आहे?"

धाकटी उठली. तिच्या गुडघ्यांना फरशीवरचं पाणी लागलं होतं. तिने खिशात हात घातला नाही.

"गॅस कुठे जातोय?" थोरलीचा आवाज चढला.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुझ्या भावाच्या टाकीत जातोय."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. रडेल, भांडेल, काहीतरी करेल म्हणून थोरली कंबर कसून उभी होती. पण तिने रेग्युलेटर नीट बसवला, जोड आवळला, दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली आणि चपला घालून निघून गेली. त्या दिवसापासून वेगळं राहणाऱ्या धाकट्या दिराचा फोन येईना आणि थोरलीच्या नवऱ्याने घरातलं बोलणंच टाकलं.

थोरलीने नवा सिलिंडर आणला. आता बघू, म्हणाली. दुसऱ्याच संध्याकाळी सवयीने वजन केलं, आणि तिसऱ्याही. किती वाचलं ते बघायचं होतं ना! आठवडा सरायच्या आत काटा खाली बसला. सिलिंडर रिकामा. धाकटी असताना कधी इतका लवकर संपला नव्हता.

चोर गेला आणि चोरी वाढली. हे काही थोरलीच्या डोक्यात बसेना.

पुन्हा भरून आणलेला सिलिंडर तिने जोडला आणि साबणाचा फेस घेऊन बसली. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडावर ब्रश टेकवला मात्र, दूध उतू जावं तसा फेस फुगून वर आला. गॅस बंद करून तिने जोड सोडवला. वॉशर चेपून वाकडा झाला होता, त्यावर पिळाचे खोल वळ. पुन्हा पुन्हा आवळलेला वॉशर दुसरं काय करणार? हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिनेच तर शिकवलं होतं.

पण मग रोज तोच वॉशर आवळूनही धाकटी असताना सिलिंडर इतका लवकर का संपला नाही? तिने धाकटीच्या खणातली वॉशरची डबी काढली. आपण एकही घेतला नाही, म्हणजे डबी भरलेली हवी. तळाला दोन-तीनच होते. आणि या बाईच्या मनात पहिला विचार काय यावा? वॉशरसुद्धा नेले!

दुसरा विचार यायला वेळ लागला. तो आला तशी ती तिथेच स्टुलावर बसली. मग शटर ओढून भरदुपारी धाकटीच्या घरी गेली.

धाकटीने दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर उभी राहिली.

"वॉशर तू बदलत होतीस?"

"हो."

"रोज?"

"तुम्ही रोज वजन करत होतात ना. सकाळी आले की वजनकाटा जागचा हललेला दिसायचा आणि जोड सुसकारत असायचा. रात्रभर गेलेला असायचा गॅस. मग मी नवा घालायचे. त्या दिवशी खिशात जुना वॉशर होता."

"मग दाखवला का नाहीस?"

"काय म्हणून दाखवू? ताई, तुम्ही माझ्या पाठीमागे चोरून वजन करता, असं तुमच्या तोंडावर म्हणू? थोरल्या आहात तुम्ही. वाटलं, एक दिवस सरळ विचाराल." ती थांबली. "भावाच्या टाकीत गॅसच नाही. साधी झाडं आहेत, गॅसवाचून वाढणारी. तुम्हीच सांगितली होतीत त्याला."

खरंच सांगितली होती. आणि पहिला सिलिंडर लवकर संपला तो खिडकीतल्या मोठ्या टाकीमुळे; तीही थोरलीनेच हौसेने मांडलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थोरलीला लाज वाटली, इतकी की तिला धाकटीच्या पायांकडे बघूनच बोलता आलं.

"चुकले मी. परत ये. तुझ्याशिवाय मला तिथे बसवत नाही."

धाकटीने पाण्याचा पेला उचलला. मग म्हणाली, "येईन. पण किल्ली नको."

दुसऱ्या दिवशी थोरली पोचली तेव्हा ती बंद शटरसमोर उभी होती. दिवसभर दोघींनी काम केलं. धाकटीने टाक्या पुसल्या, गिऱ्हाइकांशी हसून बोलली, ताई म्हणाली. जोडावर थोरलीने स्वतः नवा वॉशर घातला. सगळं पहिल्यासारखं होतंय असं तिला वाटायला लागलं.

मुलीला आणायची वेळ झाली तशी धाकटीने हात धुतले, पिशवी उचलली, काउंटरवर थोरलीच्या समोर ठेवली आणि तिची चेन उघडली.

"बघून घ्या ताई."

"अगं, हे काय! वेड लागलंय का तुला? बंद कर ती आधी," थोरली कळवळून म्हणाली. पण म्हणता म्हणता तिची नजर पिशवीत जाऊन आली होती, आणि धाकटीने ते पाहिलं होतं.