दुभाषी नवरी

मी गोव्यात तुयेच्या एका जपानी कारखान्यात दुभाषी होते आणि शिंजी तिथेच इंजिनिअर. त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. आमच्या गावात जपानी येणारी मी एकटीच, तेव्हा स्वतःच्या लग्नाची बोलणी मलाच करावी लागणार होती, आणि तीही दोन्ही बाजूंनी.

माझे बाबा, कृष्णनाथ मास्तर, पेडण्यात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. कौतुक हा प्रकार आमच्या घरी वर्ज्य. मी शाळेत पहिली आले तेव्हा ते म्हणाले होते, "बाकीची हुशार पोरां आजारी आसतली." लग्नाला त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. "मनशां कशी आसत ती बघूया," एवढंच. त्या एका भेटीवर माझं सगळं अडकलेलं होतं.

शिंजीचे आईवडील जपानहून आले आणि खुर्च्यांच्या अगदी कडेला बसले. माझ्या आईने मणगणं, म्हणजे चण्याच्या डाळीची गोड खीर, वाढलं. मग बाबांनी घसा साफ करून ठेवणीतलं इंग्रजी काढलं. "माय डॉटर इज अ जेम." पाहुण्यांना इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग तेंका."

जेमला जपानीत होसेकी म्हणतात, पण ते जवाहिऱ्याच्या दुकानातलं. माणसाला कुणी होसेकी म्हणत नाही. आणि म्हणत असते तरी 'मी रत्न आहे' हे नवरीने स्वतःच्या तोंडाने सासूला सांगायचं? तिकडे तर मुलीचा बाप अशा वेळी मुलीला नावंच ठेवतो, तशी रीतच आहे. मी रीतीने गेले. "मुलगी अडाणी आहे, सांभाळून घ्या, असं बाबा म्हणतात."

शिंजीचे वडील सहानुभूतीने वाकले. "आमचा मुलगाही बिनकामाचा आहे," ते म्हणाले.

"तेंचोय झील रत्न आसा म्हणतत," मी बाबांना सांगितलं. एव्हाना शिंजीला आमची बोली थोडीफार कळायला लागली होती. त्याला असा ठसका लागला की माझ्या आईने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि वाटीत आणखी मणगणं घातलं.

बाबा मात्र पडले मास्तर. भाषा कळो न कळो, वर्गात थाप कोण मारतंय ते त्यांना बरोबर कळतं. "रत्न म्हटल्यार तेचो बापूस माझी कीव आयल्यासारखो कित्याक बघता? खरां सांग, तू काय सांगलंस?"

सांगावं लागलं. अडाणी म्हटलं, का म्हटलं, सगळं. लग्न मोडलं असंच मी धरून चालले. शिंजी पायांकडे बघत बसला.

बाबा म्हणाले, "तेंची रीत तेंका लखलाभ. मी इतकी वर्सां तुका एक बरो शब्द बोलूक ना. आज इंग्लिशीत तरी बोललो, तर तो तू वाटेरच टाकून दिलंस?"

मला एकदम रडू आलं.

"परत सांग," ते म्हणाले.

होसेकी नकोच होतं. पोटच्या पोरासाठी जपानीत दुसरा शब्द आहे, ताकारा. घरातली ठेव, कुणी विकायला काढत नाही अशी. "मी माझ्या बाबांचं ताकारा आहे," मी त्यांना सांगितलं. शिंजीच्या आईने हातातली वाटी खाली ठेवली. ती उठली, बाबांसमोर खूप खाली वाकली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली.

"काय म्हणता ती?"

"म्हणता, इतकी मोलाची ठेव आमका दितात, उपकार झाले."

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला, परत काढला. "दितंय म्हणून कोणी सांगलां? तेंका सांग, माझां चेडू माझांच रवतलां. लगीन करूक माझी हरकत ना."

हे मात्र मी एक अक्षरही न बदलता सांगितलं.