काळी वर, मुरूम खाली

व्यंकटीनं "येतो" म्हटलं आणि मी जळकोटच्या स्टँडवर उभ्या उभ्या लागोपाठ दोन चहा प्यालो. उन्हाळ्यात त्याचं मशीन मिळणं सोपं नाही. कुणाला शेततळं खणायचं असतं, कुणाला विहिरीवरचा मलबा हलवायचा असतो, आणि सगळ्यांना ते मृगाच्या आधीच हवं असतं. मी पंधरा दिवस रोज फोन करून त्याचं डोकं खाल्लं होतं. शेवटी तो म्हणाला, "मिस्त्रीमामा, तुमचं रान लेव्हल करून देतो, पण तेवढे फोन बंद करा."

मी रामलिंग. उदगीरच्या एसटी डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होतो, म्हणून गाव मला मिस्त्री म्हणतं. माझा स्वभाव तापट आहे, हे मला मान्य आहे. गावाला ते जरा जास्तच मान्य आहे.

ओढ्याच्या काठाला आमचं वीस गुंठ्यांचं रान आहे. सगळं उताराचं. वरच्या धुऱ्यापासून खालच्या धुऱ्यापर्यंत छातीइतका फरक. पाणी सोडलं की ते थांबायचं नाव घेत नाही, थेट ओढ्यात. माझी बायको केवळा लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षापासून मागं लागली होती की एवढं रान सपाट करा. मी शनिवारी यायचो आणि सोमवारी पहिल्या गाडीनं जायचो. "बघू" म्हणायचो आणि उदगीरला गेलो की विसरायचो. आता रिटायर झालो होतो, हात रिकामे होते आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तयारी तर मी अशी केली की विचारू नका. गवंड्याकडून पाण्याची लेव्हल बघायचा पारदर्शक पाइप आणला. अकरा खुंट्या ठोकल्या, प्रत्येकीला लाल दोरा बांधला. किती माती कुठून काढायची आणि कुठं टाकायची, याचा नकाशा काढला. तो नकाशा मी येईल त्याला दाखवत होतो. दूधवाल्यालाही दाखवला.

व्यंकटी रान बघायला आला. त्यानं नकाशाकडं बघितलंच नाही. खाली गेला, चपलेच्या टाचेनं माती उकरली, मूठभर हातात घेऊन चोळली आणि म्हणाला, "दोन दिवस लागतेत. आधी ही काळी सगळी खरडून कडंला ढीग करू. मग वरचा मुरूम काढून खाली भरू. लेव्हल झाली की काळी परत वर हातरू."

मशीन तासावर असतं. म्हणजे जितकं हळू, तितकं व्यंकटीचं भलं. असे ठेकेदार मी डेपोत पुष्कळ बघितले होते. एक बोल्ट काढायला दुपार घालवणारे. मी म्हणालो, "माती काढायची, परत टाकायची, हा काय खेळ हाय? वरचं काढ, खाली टाक. एका दिवसात झालं पायजे."

"मामा, काळी गाडली जाती."

"नांगरटीत मिसळती. मला शिकवू नको."

त्यानं हातातली माती खाली टाकली. "मालक तुमी," म्हणाला, आणि तिथंच फोन काढून दुसरा दिवस त्यानं अमृतरावला देऊन टाकला. अमृतरावचं शेततळं व्हायचं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी मशीन उमरीला जाणार होतं, महिनाभराच्या कामावर.

हे मी केवळाला सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नाही.

मशीन आलं त्या सकाळी अर्धं गाव ओढ्यावर. केवळानं बकेटच्या दातांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि ऑपरेटर हरिओमनं असा हॉर्न दिला की पलीकडची म्हैस दावं तोडून पळाली. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. मशीनवाल्यांचं जेवण मालकाकडं असतं. केवळानं आदल्या दिवशीच डाळ भिजत घातली होती. पुरणपोळी करायची म्हणून ती घाईनं घरी गेली, जावई यायचा असावा तशी. जाताना हरिओमला म्हणाली, "बाबा, बराबर कर रं. लई वर्सं वाट बघितली."

मी लिंबाखाली घड्याळ घेऊन बसलो. बसलो कसला, पळत होतो. वरच्या धुऱ्याला मशीनचे दात घुसायचे, पिवळट मुरूम भरून बकेट उचलायची, मशीन धडधडत खाली जायचं आणि ओतायचं. एकेक खुंटी मोकळी होत होती. हरिओम विडी पेटवायला थांबला की मी घड्याळ वर धरून दाखवायचो. बारा वाजेपर्यंत खालचा अर्धा भाग भरून निघाला. पाइप लावून बघितला, तर बोटभराचा फरक! एवढं सुंदर काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि हे तर मी फक्त ओरडून केलं होतं.

तेवढ्यात केवळा डोक्यावर दुरडी घेऊन आली. धुऱ्यावर थांबली. मी लांबूनच हात हलवला. "बघितलंस का? निम्मं रान झालं!"

ती खालच्या पिवळ्या पट्ट्याकडं बघत होती. "काळी कुठं ठिवली?"

"कुठली काळी?"

"माझी."

"खाली हाय की. वर मुरूम आलाय, एवढंच."

तिनं दुरडी उतरवली. त्या ताज्या मुरुमावर चालत गेली आणि बरोबर मशीनच्या पुढं मांडी घालून बसली. हरिओमनं किल्ली फिरवली. मशीन बंद झालं.

"हरिओम, चालू कर!" मी ओरडलो.

"मामा, मामी बसल्यात."

मग मी तिच्यावर ओरडलो. एवढ्या लोकांसमोर. "उठ की! एवढ्याशा मातीला काय सोनं लागलंय? काय होतं तिथं?"

"काईच नव्हतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी नांदायला आले तवा हितं निस्ता मुरूम हुता. कुसळं बी धड येत नव्हती. दर उन्हाळ्याला तळं आटलं की मी गाळ आणला, डोक्यावर. सांजच्याला, सैपाकाच्या आधी. कवा धा पाट्या, कवा ईस, जमतील तेवढ्या. ईस उन्हाळे आणला. पाऊस आला की निम्मा वढ्याला जायाचा, मी परत आणायची. म्हणून तर म्हणत हुते, सपाट करा म्हणून. माती ऱ्हावी म्हणून."

मला राग आला होता, पण कुणाचा आलाय ते पटकन कळेना. मग कळलं. डेपोत मी डबा उघडून सांगायचो, "ही आमच्या वाडवडिलांच्या काळ्या रानातली ज्वारी. खाऊन बघा." भाकरी वाटायचो. वाडवडिलांनी मुरूम ठेवला होता. ज्वारी पिकत होती ती माझ्या बायकोच्या पाट्यांमधून, आणि मी त्या मातीवर सकाळपासून मुरूम ओतत होतो, तेही घड्याळ लावून. मला फार लाज वाटली. एवढी लाज मला साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं तेव्हाही वाटली नव्हती.

मी व्यंकटीकडं गेलो. "निघंल का?"

"निघंल की. मुरूम अजून सैल हाय, दाबला न्हाई. वरचा उचलला की काळी लागती. पण आज निम्मंच हुईल. उद्या मशीन अमृतरावकडं हाय, मामा. परवा उमरी. आज न्हाई निघाली तर पावसाळ्याआधी न्हाई."

"तू आत्ता सुरू कर. उद्याचं मी बघतो."

"अमृतराव तुमाला दिवस देईल?" व्यंकटीनं असं विचारायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मी अमृतरावला मारुतीच्या पारावर, सगळ्यांसमोर, बिनडोक म्हटलं होतं. तेव्हापासून आम्ही समोरासमोर आलो तर एक जण रस्ता बदलायचा.

मोटारसायकलवरून जाताना मी माफीचं भाषण जुळवत होतो. अमृतराव दारातच खाटेवर बसला होता. मला बघून त्यानं मान फिरवली. भाषण सगळं विसरलं. मी म्हणालो, "अमृतराव, माझ्या हट्टानं बायकोची माती गाडली. ईस वर्सांची. काढायला उद्याचा दिवस पायजे."

त्याची मान परत फिरली. "काय केलं म्हनता?"

मी पहिल्यापासून सांगितलं. घड्याळाचंही सांगितलं. पुरणपोळीपर्यंत आलो तेव्हा अमृतराव हसायला लागला, आणि असा हसला की त्याची सून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. डोळे पुसत तो म्हणाला, "बिनडोक कोण, मिस्त्री?"

"मी."

"मोठ्यानं."

"मी!" मी म्हणजे स्टँडवर गाडी पुकारावी तसं ओरडलो.

"उद्या दुपारी बारापर्यंत घ्या. बाराला मशीन माझ्या रानात पायजे. बारा म्हंजे बारा."

मी परत आलो तो गाडी वाऱ्यासारखी पळवत. रानात मशीन उलटं चाललं होतं, भरलेला मुरूम परत उचलत होतं. केवळा बकेटच्या पुढं उभी होती, हात आडवा धरून. हरिओमनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिचा तळवा खाली गेला की बकेट खाली, वर गेला की वर. एवढ्या मोठ्या मशीनला ती दोन बोटांनी थांबवत होती. आणि मग खरडता खरडता पिवळ्याच्या खालून काळा पट्टा दिसला.

"लागली!" मी बोंबललो. सगळे बोंबलले. हरिओमनं परत हॉर्न वाजवला. केवळा खाली वाकली, ओली काळी मूठ उचलली आणि माझ्याकडं बघून हसली. दुपारपासूनचं पहिलं हसू. मला रडू आलं, ते मी मुरुमाच्या धुळीवर ढकललं.

दिवस मावळेपर्यंत गाडलेल्या भागातली सगळी काळी बाहेर आली. राहिलेली सकाळी साडेसहाला सुरू केली. नऊच्या सुमाराला धुऱ्याकडंला काळ्या मातीचा एकच ढीग उभा होता, आमच्या घराच्या पत्र्याएवढा उंच. मी त्याच्याभोवती चालत फिरलो. फिरायला वेळ लागला. हे सगळं एका बाईच्या डोक्यावरून, तळ्यापासून इथपर्यंत आलं होतं, आणि मी त्यातली एक पाटीसुद्धा येताना बघितली नव्हती. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की मी तिथं जमलेल्या प्रत्येकाला ढीग दाखवत सुटलो. नकाशा कुठं पडला ते आजपर्यंत कळलेलं नाही.

त्यानंतर पळापळ. मुरूम भरला, दाबला. पाइपचं एक टोक मी धरलं, दुसरं केवळानं. "तुमच्याकडं दोन बोटं वर हाय," ती ओरडायची. "हाय तर हाय, काढ रे हरिओम!" मी ओरडायचो. साडेदहाला व्यंकटीनं काळी पसरायला घेतली. अकराला अमृतराव मोटारसायकलवर येऊन धुऱ्यावर उभा राहिला, मनगट पुढं करून घड्याळ दाखवत. पावणेबाराला शेवटची बकेट पसरली. वीस गुंठे, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत काळे.

"पाणी सोडा," केवळा म्हणाली.

मी पळत जाऊन बोअर चालू केला. पाणी वरच्या कोपऱ्यातून शिरलं. जुन्या सवयीनं सगळ्यांचे डोळे खाली ओढ्याकडं गेले. पाणी ओढ्याकडं गेलं नाही. ते माती पीत पीत चहूकडं पसरलं, हळूहळू, कुठं जायची घाई नसल्यासारखं. अमृतरावनं हात खाली घेतला आणि म्हणाला, "आयला, झकास झालंय."

व्यंकटी प्रत्येक कामाच्या शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढतो. रान दाखवतो, मालकाला बोलायला लावतो, आणि तालुकाभर पाठवतो. त्याची जाहिरात होते. त्यानं मोबाइल वर धरला. मी टोपी नीट करून पुढं झालो. "मामा, जरा बाजूला," तो म्हणाला. "मामी, रान कुणाचं हाय सांगा."

केवळा माझ्याकडं बघायला लागली. सातबाऱ्यावर माझं नाव आहे. मी मान हलवली. "माझ्याकडं काय बघतीस? तुला विचारलंय."

तिनं पदर सारखा केला. पाण्यात दोन पावलं आत गेली आणि मोबाइलकडं बघून म्हणाली, "हे माझं रान हाय. माती मी आणलेली हाय."

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती, आणि मी तिला कधी बोलू दिलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी मध्येच असा ओरडलो, आणि माझ्यामागं सगळं गाव असं ओरडलं, की व्हिडिओत तिचं बोलणं ऐकूच आलं नाही. व्यंकटीनं वैतागून व्हिडिओ पुन्हा काढला. दुसऱ्या वेळी तिनं ते आणखी मोठ्यानं सांगितलं.