जेनिवालच्या अंगठ्याखालचं बटण

मी व्हिडिओ गेमचा रिमोट बोलतोय. टीव्हीचा रिमोट वेगळा, तो नुसता घरच्यांच्या भांडणात फिरतो. मी राखाडी, वायरीचा, जुन्या वळणाचा. माझं खालचं लाल बटण उडीचं. ते आता लाल राहिलेलं नाही. जेनिवालच्या अंगठ्याने त्याचा रंग कधीच पुसून टाकला, आणि मला त्याचा अभिमान आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म नदीकाठच्या मनाउस शहरातल्या कारखान्यातला. बोटीत टांगलेल्या झुल्यांत झोपलेल्या माणसांच्या खाली खोक्यात बसून, नदी उतरून मी तिच्या मुखाजवळच्या बेलें शहरात आलो. तिथे जेनिवाल आणि त्याची धाकटी बहीण लेउसा यांचं गेमचं दुकान होतं. तासावर पैसे द्या आणि खेळा. दुकानात कायदा एकच: मेलास की रिमोट शेजारच्याला द्यायचा. रडायचं नाही, 'वायर हलली' म्हणायचं नाही. मालक मेला तरी तोच कायदा. जेनिवाल उजव्या खुर्चीत, लेउसा डाव्या. माझं आयुष्य त्या दोन खुर्च्यांमध्ये ये-जा करण्यातच गेलं.

दोघांचा जीव 'काजवा' नावाच्या खेळावर. इवलासा काजवा, पंख भिजलेले, उडता येत नाही. मग नुसत्या उड्या मारत, खड्डे चुकवत, सापांना लोळवत त्याने जंगल पार करायचं. काही वर्षांनी नवा भाग यायचा. आला की दुकानाचं शटर अर्धं ओढून जेनिवाल तो आधी स्वतः तपासायचा. गिऱ्हाइकं बाहेर ताटकळत.

"काय रे, लागला का निकाल?"

"थांबा! अजून धड मेलोसुद्धा नाही!"

त्याची कसोटी साधी होती. मेलो तर चूक कुणाची, माझी की खेळाची? आणि उडी मारली की पोटात गोळा येतो का? जमलं तर "ठेवायचा", नाहीतर "परत". सातव्या भागात सारखं पडणाऱ्या काजव्याला उचलून न्यायला एक आजीबाई घुबड ठेवलं होतं. जेनिवाल असा भडकला म्हणता! "मेल्यावर उचलून नेतात त्याला अंत्ययात्रा म्हणतात, खेळ नाही!" असं म्हणत त्याने ती सीडी परत पाठवली. लेउसा हसून हसून खुर्चीवरून खाली आली होती.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि दुकान बसलं. लेउसाने पुढच्या खोलीत आसाईची जांभळी फळं घोटायचं यंत्र लावलं, दारात लाल झेंडा टांगला. झेंडा म्हणजे ताजा रस तयार; तो दिसला की लोक पातेली घेऊन यायचे. टीव्ही, खुर्च्या आणि मी आतल्या खोलीत गेलो. काजव्याचा नवा भागही कित्येक वर्षं आला नाही.

जेनिवालचं दुखणं मला सगळ्यांच्या आधी कळलं. त्याचा अंगठा माझ्यावर उशिरा पडायला लागला. मग हलका पडायला लागला. डॉक्टरांनी लेउसाला बाजूला घेऊन सांगितलं, स्नायूंचा आजार आहे, वाढतच जाणार. ती घरी आली, घोटायचं यंत्र रिकामंच चालू केलं आणि त्याच्या घरघरीत रडून घेतलं. जेनिवालला ऐकू गेलं नाही असं तिला वाटतं. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

आणि अशात काजव्याचा आठवा भाग यायचा ठरला.

"तो तपासल्याशिवाय मी जात नाही," जेनिवाल म्हणाला. "आणि तपासायचा माझ्या हाताने. बघून निकाल देणाऱ्यातला मी नव्हे."

भाग आला. रोजचा दुपारचा पाऊस ओसरल्यावर बसायचं ठरलं. लेउसाने नवा रिमोट पुढे केला, बिनवायरीचा, फुंकर मारली तरी दबेल असा.

"दादा, हा घे. याला जोर लागत नाही."

"त्या साबणाच्या वडीने काजवा तपासू? माझा आण!"

कुठूनशी जोडणी आणून तिने मला खेळाच्या नव्या यंत्राला लावलं. त्याच्या हातात ठेवलं, बोटं एकेक करून बसवली. समोर पहिलाच खड्डा. अंगठा बटणावर आला. मी वाट पाहिली. दाब येतच नव्हता हो! माझं रबर जुनं, ताठ. त्याला जरा नमता आलं असतं तर! काजवा चालत गेला आणि पडला.

"चूक कुणाची? माझी," जेनिवाल म्हणाला. "घे."

लेउसाने मला घेतलं आणि लगेच त्याच खड्ड्यात पडली.

"मुद्दाम मेलीस."

"नाही रे, अंदाज चुकला."

"लेउसा, असल्या खड्ड्यात तू झोपेतसुद्धा मरत नाहीस. मला दया दाखवू नकोस, लाथ घालीन."

"घाल की. पाय उचलून दाखव आधी."

तो हसला. मग पुन्हा खेळला. पडला. पुन्हा पडला. तेव्हा पडद्याच्या कडेने ते आजीबाई घुबड आलं आणि विचारू लागलं, 'बाळा, उचलून नेऊ का?'

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "लेउसाबाई, एक लिटर, घट्ट!"

"बंद आहे!"

"झेंडा तर लावलाय!"

"खोटं बोलतोय झेंडा! जा!"

"बघ," जेनिवाल म्हणाला, "आली अंत्ययात्रा." आणि तो ढसाढसा रडला. डोळे पुसायला हात वर जाईना. लेउसाने एप्रनने पुसले, त्याच्या गालावर जांभळा डाग उमटला.

"घुबडाला हो म्हणू?"

"नको. तू ये."

तिने खुर्ची चिकटवली. माझ्या बटणावर त्याचा अंगठा, त्याच्यावर तिचा. तो "आता!" म्हणायचा आणि ती दाबायची. पहिल्यांदा उशीर झाला. नंतर एकदाचा काजवा उडाला, खड्डा ओलांडून पलीकडच्या पानावर उतरला.

"आला का गोळा?"

"आला गं. आला!"

पुढच्या काट्यांवर मात्र काजवा आपटला. सवयीने लेउसाने मला उचललं, पण द्यायचं कुणाला? दोघंही मेले होते.

"राहू दे आपल्याकडेच," जेनिवाल म्हणाला. मग पडद्याकडे बघत त्याने खेळाचा निकाल दिला, "ठेवायचा."

मग रोज थोडं थोडं असंच खेळत दोघं दलदलीपर्यंत पोचले, पण जंगल संपायच्या आत तो गेला.

आता रोज पाऊस थांबला की लेउसा झेंडा उतरवते आणि तोच भाग लावते. ते दोघं थांबले होते त्या दलदलीपाशी येते, पडते आणि मला उजवीकडे पुढे करते. उजवी खुर्ची रिकामी असते. काजवा आपला परत उभा राहतो. घुबड येऊन विचारतं.

"थांब गं आजे," ती म्हणते, "दादाचा डाव आहे." आणि मला तसंच धरून बसते, हात भरून येईपर्यंत.

लेउसा, मला बोलता येत असतं तर एवढंच म्हणालो असतो: त्याच्या अंगठ्याने माझ्या बटणात खळगा पडलाय. तुझा अंगठा त्यात बरोबर बसतो, त्या दिवशी मी पाहिलंय. काजवा केव्हाचा उभा आहे गं. दाब ना.