मी लाइन, येणारी-जाणारी

मी लाइन बोलतेय. फोनवरची का, असं विचाराल, तर तीही मीच. जन्माने इंग्रजी, पण तुमच्या घरात इतकी मुरलेय, की आता मला कुणी पाहुणी म्हणत नाही.

मूळची मी साधी रेघ. सरळ, गुणी मुलगी. तुमच्या हाती लागले आणि वाया गेले. टवाळ पोरं मला मारतात, मुली देतात. देत नाहीत तरी पोरं दिली म्हणून सांगत सुटतात. तिकिटाच्या खिडकीपुढे मी लागते, घाईतली माणसं मला तोडतात. बिघडलेल्या मुलाला माझ्यावर आणतात. आणि मी गेले, की सगळी गल्ली माझ्या नावाने खडे फोडते.

माझा सगळ्यात जास्त राबता एका वायरमनच्या घरी. त्याच्या मुलीने बापाचंच काम शिकून घेतलं होतं. तिला त्याच्याबरोबर खांबावर चढायचं होतं. पण तिची आत्या, म्हणजे वायरमनची थोरली बहीण, मला पुढे करायची. "ही बायकांची लाइन नाही!" बाप मान डोलवायचा. बहिणीपुढे मान डोलवायची त्याला लहानपणापासूनची सवय.

एका दुपारी मागच्या गल्लीतल्या खांबावरची तार जळाली. बापाचा नियम होता, ज्याने फ्यूज काढला त्यानेच तो परत लावायचा, आणि तोवर फ्यूज त्याच्या खिशात. नेमका त्या दिवशी त्याच्या शर्टाचा खिसा फाटलेला. म्हणून त्याने मुलीला सोबत नेलं.

"तूच काढ आणि मुठीत धर. मी समोर येईपर्यंत लावायचा नाही. मी तिकडून ओरडलो तरी नाही."

तो मागे गेला. फ्यूजच्या पेटीपासून खांब दिसत नव्हता.

पेटीशेजारच्या पार्लरमध्ये आत्या केस सरळ करून घेत होती. संध्याकाळी तिला फोटो काढायला जायचं होतं. मुलीने फ्यूज काढला आणि मी गेले, तेव्हा उजवीकडचे केस पट्टीसारखे सरळ, डावीकडचे फाटक्या उशीतल्या कापसासारखे. ती टॉवेलसकट बाहेर आली.

"अगं, लाव ना तो फ्यूज!"

"बाबा वर आहेत, आत्या."

"एव्हाना उतरला असेल. गप्पा हाणत असेल कुणाशी तरी."

"असेल. आले की लावते."

"आणि मी अशी जाऊ फोटोला?"

"उजव्या बाजूने काढ."

पार्लरवाली फिसकन हसली. पण तीच आतून तारेचा तुकडा घेऊन आली. "फ्यूज कशाला हवा? हा अडकवला तरी येते लाइन. आम्ही नेहमी करतो."

मुलीचं हसू मावळलं. तिने पेटीचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. आत्याने तिला दंडाला धरून ओढलं. ती हलली नाही.

मी दाराआड दबा धरून होते. खरं सांगते, मला माणसं ओळखू येत नाहीत. तार अडकवली असती, तर मी धावत सुटले असते. पुढे बल्ब आहे की कुणाचा बाप, मी बघत नाही.

तेवढ्यात कोपऱ्यावरून बाप आला. "काय चाललंय? माझे दोन्ही हात तारेवर होते, तेव्हापासून तुमचा आरडाओरडा ऐकतोय."

आत्याचा हात आपोआप सुटला. तिने टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला. बाप पार्लरवालीच्या हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला.

मुलीने मूठ उघडली. फ्यूजच्या कडांचे वळ तळहातावर उमटले होते. बापाने फ्यूज घेतला नाही.

"काढला कुणी?"

"मी."

"मग लाव तूच."

मी आले. पंखे फिरले. पार्लरमध्ये शिरता शिरता आत्या भावाला म्हणाली, "उद्यापासून हिला वर ने रे बाबा. खाली ठेवलीस तर कुणाला जगू देणार नाही!"

तर मंडळी, मला खुशाल मारा, तोडा, मी सगळं सोसलंय. फक्त मी गेले, की शिव्या देण्याआधी विचारा, वर कोण आहे? आमच्या गल्लीत हल्ली बहुतेक तीच असते. आणि फ्यूज तिच्याच खिशात असतो. तो खिसा आत्याने शिवलाय, दुहेरी शिवणीचा.