पाच माणसं किंवा तीनशे चाळीस किलो

पहिलवानाने लिफ्टमध्ये पाय टाकला आणि लिफ्ट बोंबलली. त्याने पाय मागे घेतला, ती गप्प झाली. पुन्हा टाकला, पुन्हा बोंबलली.

"ही मला ओळखते," पहिलवान म्हणाला. त्याचा छापखाना होता. व्यायाम त्याने शाळेत केला होता, पण नाव टिकलं होतं.

आत तिघं उभे होते. एक तिसऱ्या मजल्यावरचा चष्मेवाला, एक तळमजल्यावरचा शिंपी, आणि एक मिस्त्री, ज्याच्याकडे या इमारतीसकट अकरा इमारतींच्या लिफ्टची देखभाल होती. दर शनिवारी पाच वाजता हे चौघं सातव्या मजल्यावरच्या गच्चीत जात, बाटली उघडत आणि उजेड आहे तोवर खाली येत. नऊ वर्षांत लिफ्टने त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"पिशवी बाहेर ठेव," चष्मेवाला म्हणाला.

पिशवीत बाटली, सोडा आणि खारे दाणे होते. ती बाहेर ठेवली. लिफ्ट बोंबलतच राहिली.

"पिशवी निर्दोष आहे," शिंपी म्हणाला आणि तिला उचलून पुन्हा आत घेतलं.

मग चौघांनी दाराशेजारची पाटी पहिल्यांदाच वाचली. पाच माणसं किंवा तीनशे चाळीस किलो.

"आपण तर चारच आहोत!"

"किंवा," मिस्त्री म्हणाला. "तिथे 'किंवा' लिहिलंय."

"म्हणजे अडुसष्ट किलोला एक माणूस? कोणाला बघून ठरवलं हे? उपाशी माणसाला?"

गलका ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यातून नर्स जिना उतरून आली. ती मिस्त्रीची थोरली बहीण, त्यामुळे चौघांचीही ताई.

"ताई, तूच सांग," शिंपी म्हणाला. "दारू पातळ असते. पातळ गोष्टीने वजन कसं वाढेल?"

"भरलेली बादली उचलून बघ."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. एक मोठा पेग म्हणजे पावाचे दोन काप. अंगात दारू गेली की शरीर आधी तिला निपटत बसतं आणि बाकीचं खाल्लेलं पोटावर ठेवून देतं. लिव्हरचं तर मी बोलतच नाही. ते बिचारं दिसत नाही, म्हणून तुम्हाला खरं वाटत नाही."

शिंप्याने खिशातला खडू काढून तळहातावर काहीतरी लिहिलं.

"चार पेग म्हणजे आठ काप?"

"हो."

"मग ते आठ काप खाल्लेच नाहीत तर?"

ताईने भावाकडे पाहिलं. "हा तुझा मित्र ना?"

"नऊ वर्षं झाली," मिस्त्री म्हणाला.

"मी पेग सोडा म्हणतेय. पाव नाही."

"ते तुझं मत झालं, ताई," शिंपी म्हणाला आणि खडू खिशात ठेवला. "मी या डब्यातून वर जाणार. पिऊनही जाणार. बघच तू."

खरं तर प्रश्न अर्ध्या मिनिटाचा होता. वजनाची मर्यादा एका स्क्रूवर होती आणि त्या स्क्रूपर्यंत जाणारी किल्ली मिस्त्रीच्या कमरेला होती. पहिलवानाने ते बोलून दाखवलं. चष्मेवाल्याने तर शपथ घातली.

"लिफ्टला खोटं बोलायला मी शिकवणार नाही," मिस्त्री म्हणाला. "एकदा शिकली की ती वजनापुरतं थांबत नाही."

मग नियम ठरला की शेवटी येईल त्याने जिन्याने यायचं. नियम सर्वांना सारखा होता आणि जिना फक्त शिंप्याच्या वाट्याला आला, कारण पाचला पाच कमी असताना त्याच्या दुकानात हमखास कोणीतरी पँट कमरेत सैल करून घ्यायला येई. शिंपी गच्चीवर पोचायचा तेव्हा बाकीच्यांचा पहिला ग्लास संपलेला असे. तो कठड्याला टेकून श्वास गोळा करायचा, ग्लास उचलायचा आणि आकाशाला उद्देशून म्हणायचा, "बघून घेईन."

त्याने आधी रात्रीचं जेवण सोडलं, मग दुपारचं. पेग सोडला नाही. दुकानात कापडाच्या ताग्यांमागे त्याची स्वतःची एक बाटली असे. ती सगळ्यांना माहीत होती आणि तिच्यावर विनोद करून झाले होते.

तीन महिने गेले. एका शनिवारी गिऱ्हाईक आलं नाही, आणि शिंपी सगळ्यांच्या आधी लिफ्टमध्ये जाऊन उभा राहिला. मागोमाग चष्मेवाला आणि मिस्त्री. शेवटी पहिलवानाने डोळे मिटून पाय टाकला.

लिफ्ट गप्प राहिली.

पहिलवानाने दुसरा पायही टाकला. पिशवी घेतली. एक उडी मारून पाहिली. तरी गप्प.

"पिळलास!" चष्मेवाल्याने मिस्त्रीला मिठी मारली. "शेवटी पिळलास स्क्रू! माणूस आहेस तू!"

"मी हातही लावलेला नाही," मिस्त्री म्हणाला.

"लाजू नकोस रे."

मिस्त्री बाहेर आला. लिफ्टच्या खोलीत चाचणीची लोखंडी वजनं होती. त्याने दहा किलोचं वजन आणून पहिलवानाच्या पायाशी ठेवलं आणि स्वतः पुन्हा आत उभा राहिला. शांतता. मग पाच किलोचं आणलं. ते घेऊन आत येताच लिफ्ट बोंबलली. त्याने ते बाहेर ठेवलं, ती थांबली. लिफ्टचं काहीही चुकलेलं नव्हतं.

"या डब्यातून दहा किलोच्या वर माणूस गायब आहे," तो म्हणाला.

तिघांनी आपापल्या पोटाकडे पाहिलं. पोटं जागेवर होती. मग त्यांनी शिंप्याकडे पाहिलं. त्याचा शर्ट नेहमीसारखा अंगासरसा, खांद्यावर चपखल. शिंप्याचे कपडे कधी ढगळ दिसलेच नव्हते. सैल झाले की तो जेवणाच्या सुट्टीत आत घेई, आणि आता त्या सुट्टीत त्याला दुसरं काही काम नसे.

मिस्त्रीने त्याच्या शर्टाची बाजू चिमटीत धरली. आत तीन बोटं कापड दुमडून शिवलेलं होतं. शिवण जुन्या सफाईची नव्हती. ती वाकडी जात होती, तुटत होती, पुन्हा सुरू होत होती.

"जिंकलो की नाही?" शिंपी म्हणाला. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट होता. चष्मेवाल्याने जवळ येऊन ते पाहिलं आणि स्वतःचा चष्मा काढून पुसायला घेतला.

मिस्त्रीने दोनचं बटण दाबलं.

"सात," शिंपी म्हणाला.

"दोन."

"मी तीन महिने जेवलो नाही ते सातव्या मजल्यासाठी."

"माहीत आहे."

दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. शिंपी हलला नाही. मिस्त्रीने कमरेची किल्ली लावून लिफ्ट बंद केली, झोळीतून पाटी काढली आणि ठणठणीत लिफ्टच्या दाराला अडकवली: लिफ्ट नादुरुस्त आहे. अकरा इमारतींत त्याने लावलेली ही पहिली खोटी पाटी होती.

"मग मी जिन्याने जातो," शिंपी म्हणाला आणि गेला. पाच पायऱ्या चढला, सहाव्या पायरीवर बसला. कोणी हात दिला नाही. दिला असता तर तो सातव्या मजल्यापर्यंत गेला असता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"किती मजले राहिले?" त्याने वरूनच विचारलं.

"पाच."

त्याने मान वर करून जिना पाहिला. मग कठडा धरून खाली आला आणि तिघांच्या पुढून दवाखान्यात शिरला.

ताईने त्याच्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बोट केलं.

"मी एकटा नाही उभा राहणार," शिंपी म्हणाला. "पितो आम्ही चौघं. मापं एकट्याची का?"

"अरे, हा वजनकाटा आहे, लिफ्ट नाही."

"मग रांग लाव."

पहिलवानाने पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली. चष्मेवाला अजून चष्मा पुसत होता. मिस्त्रीने अकरा इमारतींतल्या माणसांचं वजन नीट उचललं जातंय का हे आयुष्यभर तपासलं होतं, आणि स्वतः काट्यावर कधी उभा राहिलेला नव्हता. तो खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.