मतभेद झाल्यास घार

पवनचक्क्यांच्या त्या टेकडीवर नियम असा होता: आकाशात मोठा पक्षी दिसला की मचाणावरच्या दोघांनी दुर्बिणीतून बघायचं आणि वायरलेसवर एकेकाने नाव सांगायचं. दोघंही ‘गरुड’ म्हणाले तर खालचा ऑपरेटर चक्कीची पाती थांबवणार. एक गरुड म्हणाला आणि दुसरा घार, तर पक्षी घार. घारीसाठी पाती थांबत नाहीत. घारी ढिगाने आहेत, एखादी कमी झाली तर कुणाचं काही अडत नाही, असं कंपनीचं म्हणणं. घारींना कुणी विचारलं नव्हतं.

मुळात नियम उलटा होता. कंपनीने नेमलेला पक्षीतज्ज्ञ, ज्याला सगळे ‘पक्ष्यांचे डॉक्टर’ म्हणत, त्याने लिहून दिलं होतं की शंका आली तर पाती थांबवा. हेड ऑफिसने ते वाचलं. नुसत्या शंकेसाठी चक्की बंद ठेवायला आपण काय खुळे आहोत का, असं म्हणून वाक्य फिरवलं आणि सहीसाठी डॉक्टरांपुढे ठेवलं. डॉक्टरांनी सही केली. त्यांना पक्ष्यांबद्दल सगळं माहीत होतं आणि नोकरीबद्दलही.

मचाणावर साइटच्या साहेबांनी एक जोडपं बसवलं. नवरा-बायको असली की एका खोलीत भागतं, इतका साधा विचार. नवरा पूर्वी सिनेमाच्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा. थिएटर बंद पडलं आणि तो थोरल्या भावाच्या घरात येऊन पडला. बायको शिवणकाम करायची, पण मशीनचा आवाज थोरल्या जावेच्या डोक्यात जायचा, म्हणून जाऊ झोपली की मशीन बंद. आणि जाऊ फार झोपायची. दोघं राहायची मधल्या खोलीत. मधली खोली म्हणजे जिच्यातून सगळं घर ये-जा करतं. नवरा-बायकोने एकमेकांकडे बघून हसावं म्हटलं तरी मध्ये कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन जायचं.

कंपनीने टेकडीच्या पायथ्याशी खोली दिली. लहानशी, पत्र्याची, पण आतून कडी लागणारी. पहिल्या दिवशी बायकोने ती कडी उगाचच लावली, काढली, परत लावली. नवरा म्हणाला, “मोडशील.” ती म्हणाली, “मोडेन नाहीतर काहीही करेन. माझी आहे.”

डॉक्टरांनी शिकवलं ते चांगलं शिकवलं. घारीच्या शेपटीला टोकाशी खाच असते, आणि ती शेपटी नावेच्या सुकाणूसारखी सारखी वळत राहते. गरुडाची शेपटी आखूड, टोकाला गोलसर. पंख फळीसारखे रुंद, टोकाची पिसं हाताची बोटं फाकवावीत तशी. “आणि आकारावर अजिबात जाऊ नका,” डॉक्टर म्हणाले. “जवळची घार आणि लांबचा गरुड दुर्बिणीत सारखेच दिसतात. तिथेच सगळे फसतात.”

बायकोची नजर शिंपिणीची. ती पक्ष्याचा काप बघायची: कड कशी गेली आहे, कुठे खाच आहे, कुठे गोलाई. नवऱ्याने सगळं आयुष्य हलती चित्रं बघितली होती. त्याला काप दिसतच नसे, त्याला चाल दिसे. त्यामुळे एकाच पक्ष्याकडे बघून दोघं दोन पक्षी सांगायची.

“गरुड,” नवरा म्हणायचा.

“घार. शेपटीला खाच आहे.”

“अगं, शेपटीत काय अडकलीस? पंख किती सावकाश मारतोय ते बघ. घरी कुणी वाट बघत नसल्यासारखा चाललाय.”

“मग तुमच्याच जातीचा म्हणायचा.”

“वायरलेस चालू आहे, बाईसाहेब.”

“असू दे चालू. मी काय सोसते ते ऑपरेटरलाही कळू दे.”

खाली कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर हसत हसत ‘मतभेद, घार’ असं कॉम्प्युटरात टाकायचा. साइटवरच्या माणसांनी दोघांची नावं ‘हो’ आणि ‘नाही’ अशी पाडली. कोण हो आणि कोण नाही, हे रोज बदलायचं.

वर्ष सरलं. त्या टेकडीवर गरुडासाठी एकदाही पाती थांबली नव्हती. साहेब स्वतः मचाणाच्या शिड्या चढून आले, धापा टाकत.

“हेड ऑफिस तुमच्यावर खूश आहे. असंच चालू द्या.”

“आम्ही काय केलं?” नवऱ्याने विचारलं.

“भांडलात. पलीकडच्या टेकडीवर दोन जिवलग मित्र बसवले होते. हा हो म्हणाला की तो हो. चक्क्या दिवसभर बंद! दिले घालवून.”

साहेब उतरून गेल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग बायकोला हसू फुटलं. “आणि आपण इतकी वर्षं फुकट भांडत होतो की हो!”

त्या दिवसापासून घरी दोघं गोडीने वागायला लागली. भांडण हे ऑफिसचं काम झालं होतं, ते घरी कोण आणतं? नवरा पाणी भरायला लागला. बायको त्याच्या घोरण्याबद्दल बोलेनाशी झाली. संसार सुखाचा व्हायचा म्हणजे कुणीतरी भांडणाचा पगार द्यावा लागतो, हे कुठल्याही लग्नात कुणी सांगत नाही.

मग एका दुपारी तो तपकिरी पक्षी आला. उन्हाकडून, उंचावरून.

“गरुड,” नवरा म्हणाला. “आज खरंच गरुड आहे, नीट बघ.”

बायकोने नीट बघितलं. शेपटीत खाच दिसली, स्वच्छ दिसली. “घार.”

पक्षी मान खाली घालून जमिनीकडे बघत येत होता. शिकार शोधणारा पक्षी पुढे बघत नाही, खाली बघतो. पुढे काय असणार? हजारो वर्षं आकाशात पुढे काही नव्हतंच. ओलं जाड कापड दगडावर आपटावं तसा आवाज आला.

दोघं धावत खाली उतरली. पक्षी गवतात पडला होता, एक पंख तुटून थोडा पलीकडे. बायकोने शेपटी उलगडली. मधलं एक पीस तुटलेलं होतं. खाच होती ती तेवढ्याची. मग तिने पाय बघितले. घारीच्या पायाची नळी उघडी असते. याच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं होती, तान्ह्या बाळाला मोजे घालावेत तशी. ती तिथेच गवतात बसली.

नवरा काही बोलला नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणणारा माणूस, आणि आज म्हणायची वेळ आली तर गप्प. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

डॉक्टर आले. गुडघ्यांवर बसून त्यांनी ते पाय हातात घेतले, बराच वेळ धरून ठेवले. मग विचारलं, “मतभेद होता?”

“होता,” बायको म्हणाली. “मी चुकले.”

“मग घार.”

“डॉक्टर, पाय बघा!”

“बघितले. नोंद पाय बघून होत नाही. मचाणावर काय ठरलं त्यावर होते.” ते उठले, पँटचं गवत झटकलं आणि तिच्या नजरेला नजर न देता गाडीत बसले.

गरुड जोडीने राहतात. चक्क्यांच्या पलीकडे विजेचा एक जुना, बंद पडलेला मनोरा होता. त्याच्या टोकावर काटक्यांचं मोठं घरटं, आणि दुर्बिणीतून बघितलं तर घरट्यात एक पांढरं डोकं, सतत तोंड उघडणारं. आता खाऊ आणायला एकच पक्षी उरला होता. त्याचा रस्ता चक्क्यांच्या रांगेतून जायचा, दिवसातून कितीतरी वेळा.

तो पहिल्यांदा आला तेव्हा बायको ओरडलीच, “गरुड!”

नवऱ्याने दुर्बीण डोळ्यांना लावली, खाली घेतली. “घार,” तो वायरलेसवर म्हणाला.

तिने बटण सोडलं. “काय म्हणालात?”

“घार म्हणालो.”

“तुम्हाला दिसत नाही?”

“दिसतं.”

“मग?”

“मला वहिनीची मधली खोली पण दिसते.”

पक्षी दोन पात्यांच्या मधून निसटला, निव्वळ नशिबाने. तेव्हा तिला कळलं की परवाचं त्याचं गप्प बसणं म्हणजे मोठं मन नव्हतं. भीती होती. एकदा एकमत झालं, पाती थांबली, की दोन जिवलग मित्रांच्या मागोमाग आपण.

मग मात्र त्यांचं खरं भांडण सुरू झालं, ज्याचा पगार मिळत नाही तसलं. ती रोज गरुड म्हणायची, तो रोज घार म्हणायचा आणि दुसरीकडे बघायचा. एका संध्याकाळी तिने आत जाऊन कडी लावली. तो बाहेर पायरीवर बसला.

“अगं, दार उघड.”

“कोण आहे?”

“मी.”

“मला घार दिसतेय,” ती आतून म्हणाली.

असंच चाललं असताना पाहुणे आले. कंपनीत पैसे घातलेली मोठी माणसं, पांढऱ्या टोप्या घालून. साहेबांनी मचाणाखाली मंडप घातला, चहा-सँडविच ठेवले, आणि मचाणावरचं बोलणं पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून वायरलेस लाउडस्पीकरला जोडला. मंडपावर फलक होता, त्यावर भला मोठा गरुड आणि खाली ‘आम्ही आकाश राखतो’.

साहेब वर येऊन दोघांच्या कानाशी लागले. “आज एकदा एकमत करायचं. पाती थांबलेली पाहुण्यांना दाखवायची आहेत.”

“आणि गरुड आलाच नाही तर?” नवऱ्याने विचारलं.

“काहीतरी उडत येईलच की! पाहुण्यांना काय कळतंय?”

आली ती घार. शेपटीची खाच इतकी खोल की आंधळ्यालाही दिसावी.

“गरुड,” बायको दात आवळून म्हणाली.

“गरुड,” नवरा म्हणाला.

पाती हळूहळू मंदावली, थांबली. खाली टाळ्या पडल्या. एका बाईंनी डोळे पुसले. घारीला इतका मान आयुष्यात मिळाला नव्हता. तिने एक गिरकी घेतली, मंडपावर झेप टाकली आणि थाळीतलं सँडविच उचलून पसार झाली.

“बघा, किती माणसाळलाय!” साहेब वरून ओरडले.

पाती परत फिरायला लागली. आणि तेवढ्यात तो आला. पायात लोंबतं काहीतरी, मान खाली.

“गरुड,” बायको म्हणाली.

साहेबांनी तिचा हात धरला. “अहो बाई, आजचा गरुड झाला!”

तिने हात सोडवला आणि नवऱ्याकडे बघितलं. विनवणी नाही, काही नाही, नुसतं बघितलं. नवरा पक्ष्याकडे बघत होता. मान तशीच खाली, त्या दुपारच्या पक्ष्यासारखीच. पुढे काय आहे याचा पत्ता नाही. त्याने वायरलेस तोंडाशी धरला.

“गरुड,” तो म्हणाला. आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर, म्हणून पुढेही बोलला. “मघाची घार होती. हा खरा.”

लाउडस्पीकरने ते सगळ्या टेकडीला सांगितलं. ऑपरेटर बिचारा नियमाचा माणूस. दोघं हो म्हणाली, त्याने पाती थांबवली. पक्षी थांबलेल्या पात्यांमधून सरळ गेला, मान वर न करता. मंडपातल्या पांढऱ्या टोप्या मचाणाकडे वळल्या.

साहेबांचा चेहरा असा झाला की दोघांनी मनातल्या मनात गाठोडी बांधली. पण मोठी माणसं भलतीच भाबडी असतात, किंवा भलतीच हुशार, ते आपल्याला ठरवता येत नाही. सगळ्यात म्हातारे पाहुणे उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. “आपली चूक सगळ्यांसमोर कबूल करणारी कंपनी! आणि ही माणसं! यांना सोडू नका.”

“छे, छे, आमचा तर अभिमान आहेत ते,” साहेब म्हणाले.

आणि खरंच सोडलं नाही. दोघांना बढती मिळाली. पायथ्याशी काचेचं स्वागत केंद्र बांधलं होतं, तिथे दोघांना टेबलामागे बसवलं, मागे भिंतीवर त्यांचाच मोठा फोटो. नोकरी आहे तोवर खोली त्यांच्याच नावावर, वर नवा पंखा. काम एवढंच की येणाऱ्या पाहुण्यांना ती गोष्ट सांगायची. नवरा ती रंगवून सांगायला लागला, घार कशी आली, सँडविच कसं नेलं. लोक हसायचे. बायको बाजूला बसून काचेतून वर बघायची.

मचाणावर साहेबांनी दोन सख्खे भाऊ बसवले. वडिलांच्या घरावरून त्यांचा दावा चालू होता आणि बोलणं कधीच बंद झालं होतं. एकाने गरुड म्हटलं की दुसरा दुर्बीण न उचलताच घार म्हणायचा.

एका सकाळी पाहुणे यायचे होते. बायको एकदम म्हणाली, “अहो.”

“दिसला,” नवरा म्हणाला. वर न बघताच म्हणाला, म्हणजे तोही बघत होता.

तिने टेबलावरचा फोन उचलला, कंट्रोल रूमला लावला. “पाती थांबव. गरुड आहे. आम्ही दोघंही म्हणतोय.”

“ताई, तुम्ही आता स्वागत केंद्रात,” ऑपरेटर म्हणाला. आवाज पडलेला होता. “मचाणावर मतभेद आहे.”

ती खिडकीकडे धावली. काच एसीसाठी पक्की बसवलेली, उघडणारी नव्हती. पक्षी पात्याच्या इतक्या जवळून गेला की वाऱ्याने उलटापालटा झाला, सावरला, घरट्याकडे गेला. पांढऱ्या डोक्याचं पिल्लू आता तपकिरी होत आलं होतं, उडायला थोडे दिवस होते. तो परत खाली उतरणार, परत शिकार, परत याच वाटेने. नेहमीचंच.

प्रत्येक चक्कीच्या पायथ्याच्या दारात एक लाल बटण असतं. आग लागली तरच दाबायचं, असं वर लिहिलेलं. दाबलं की ती चक्की थांबते आणि कंपनीचा माणूस येऊन किल्ली लावेपर्यंत सुरू होत नाही. हे दोघांनाही माहीत होतं. दोघंही आजवर त्याबद्दल कधी बोलली नव्हती.

बायको खुर्चीवरची शाल उचलून दाराकडे निघाली.

“कुठे?”

“वर. त्याच्या वाटेतली एकूण एक चक्की.”

“पाहुणे येतील आता.”

“येऊ देत.”

“खोली जाईल गं.”

“जाईल.”

नवरा टेबलामागे बसून राहिला. बाहेर पाहुण्यांची गाडी वळण घेत होती. त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं नाही, तो काचेत उलटा दिसतच होता.

“वहिनीला काय सांगायचं?”

“ते तिच्या मधल्या खोलीत बसून ठरवू,” ती म्हणाली, आणि चालायला लागली.

“थांब तर,” तो टेबलाखाली वाकून म्हणाला. “चपला घालू दे.”